बेलवलीवर बारा तोफा

मी आयुष्यात खरी तोफ एकदाच जवळून बघितली. ती एका चौकात शोभेला ठेवलेली होती आणि तिच्या नळीत कुणीतरी शेंगांची टरफलं टाकली होती. तरीही दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं मी रोज ऑफिसात बसून तोफा डागल्या आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावला. लग्नाकार्यात कुणी विचारलं, 'तुम्ही कशात होता हो?' तर मी 'तोफखान्यात' एवढंच सांगते आणि पुढे काही बोलत नाही. समोरचा माणूस माझ्याकडे, मग माझ्या पर्सकडे बघतो. निवृत्तीनंतर एवढी करमणूक पुरते मला.

आता खरं काय ते सांगते. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका फर्निचरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक सिंधी. त्यांना सगळे साईं म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. खालचं दुकान त्यांच्या भावाचं. साईंचा धंदा व्यापाऱ्यांना सॉफ्टवेअर विकायचा, आणि आमचा खपणारा माल म्हणजे टेम्पोचा प्रोग्रॅम. लग्नसराईत दुकानातून एका दिवसात पन्नास कपाटं निघणार, टेम्पो चार. कुठलं कपाट कुठल्या टेम्पोत, अंबरनाथचं गिऱ्हाईक आधी की वांगणीचं, कोण थांबेल आणि कोण दुकानात येऊन बोंबलेल, हे सगळं तो प्रोग्रॅम ठरवायचा. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं ते असं कपाटांच्या कामी आलं.

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने हा प्रोग्रॅम बघितला. ती कंपनी लष्करी अधिकाऱ्यांच्या सरावासाठी कॉम्प्युटरवरची लढाई तयार करत होती. त्यातला तोफखान्याचा तुकडा त्यांना बाहेरून करून हवा होता. तोफा बारा, गोळे मोजके, शत्रूची ठिकाणं भरपूर. कुठल्या तोफेने कशावर किती गोळे टाकायचे, कुणाला आधी मारायचं, कुणाला सोडून द्यायचं? साईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ये तो अपना टेम्पोवालाच है ना, मॅडम." आणि खरंच होतं ते. टेम्पोच्या जागी तोफ घातली, कपाटाच्या जागी गोळा, गिऱ्हाइकाच्या जागी शत्रू. फरक एवढाच, की कपाट पोचल्यावर गिऱ्हाईक चहा पाजतं.

आम्हाला शिकवायला तोफखान्यातून निवृत्त झालेले मेजर दळवी ठेवले. वांगणीला त्यांनी जागा घेऊन चिकूची झाडं लावली होती. तिथून जीपने यायचे. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. कॉम्प्युटरला ते 'डबा' म्हणायचे आणि मला 'प्रोग्रॅमर मॅडम'. दुपारी भारनियमनात वीज गेली की दोन्हीकडचं सैन्य पडद्यासकट गायब व्हायचं. मग मेजरसाहेब म्हणायचे, "चला, युद्धबंदी. चहा सांगा."

आमच्या पहिल्या प्रोग्रॅमने त्यांना फार छळलं. त्याला सांगितलं होतं, एका गोळ्यामागे जास्तीत जास्त गुण मिळव. त्याने बघितलं, पळणारा रणगाडा सापडत नाही, रस्त्यात बंद पडलेला ट्रक हमखास सापडतो. त्यामुळे रणगाडे आरामात पुलावरून आत येतायत आणि आमच्या बारा तोफा मिळून एका पंक्चर झालेल्या ट्रकला बडवतायत. मेजरसाहेब खुर्चीतून उठले. "मॅडम, त्या ट्रकने तुमचं काय घोडं मारलंय?" मग मी वाचवलेल्या गोळ्यांनाही थोडे गुण ठेवले, म्हणजे उधळपट्टी थांबेल. थांबली. प्रोग्रॅमने एकही गोळा उडवला नाही. शत्रू थेट आमच्या तोफांपाशी येऊन उभा राहिला आणि आमचा सगळा दारूगोळा जसाच्या तसा शिल्लक. मेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला. साईं मात्र खूश होते. "माल तो बचा ना?" ते म्हणाले.

यंत्राचं हे असंच असतं. तुम्ही जे मोजाल तेवढंच ते सांभाळतं आणि जे मोजायचं विसराल ते त्याच्या लेखी या जगात नाही. हे मी तेव्हा नव्या मुलामुलींना रुबाबात शिकवायचे. मला ते कळलं पुढे, आणि चांगलं सणसणीत कळलं.

तर आता नकाशाची भानगड. सरावासाठी नकाशा लागतो. खरा नकाशा कंपनी देईना, म्हणाली तुमच्या मनाने काढा. मनाने म्हटलं की माणूस आपलंच गाव काढतो. मी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर काढलं. शत्रू वांगणीकडून येणार, आमच्या तोफा अंबरनाथजवळ, मधे चिखलोलीची मोकळी जमीन आणि बदलापूर. नदी, पूल, रस्ते, काही घरं. घरं म्हणजे आमच्या हिशेबी नुसता आडोसा. मागे गाडी लपली की नेम चुकतो, एवढंच त्यांचं काम. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत आमची गल्ली होती, तीही मी हौसेने काढली. आमचं बुद्धविहार, पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारी आमचं घर.

एकदा तो नकाशा छापून घरी आणला होता, तपासायला. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्या पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून आयुष्यभर राबलेल्या. नजर अशी की डॉक्टरांच्या आधी त्यांना ताप कळायचा. त्यांनी भाजी निवडता निवडता नकाशा पुढे ओढला.

"हे विहार ना गं आपलं?"

"हो, आत्या."

"मग ही टाकी. आणि हे घर आपलं. त्याच्यावर लाल फुली कसली?"

मी सांगितलं, की कालच्या खेळात एक रणगाडा आपल्या घरामागे लपला होता, म्हणून तिथे तोफा डागल्या. नुसता खेळ आहे, कॉम्प्युटरमधला.

आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "खेळातसुद्धा सासूच सापडली होय तुला?"

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते सांगायची सोय नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढलं की आत्या सासऱ्यांना म्हणायच्या, "अहो, त्या तोफवालीला विचारा, आमटी हवी का." नवरा अंबरनाथला कारखान्यात होता, तो संध्याकाळी आला की त्यालाही सगळं पहिल्यापासून ऐकवायच्या. शेजारणी मला बघून पदरात हसायला लागल्या. शेवटी मी हात टेकले. ऑफिसात जाऊन आमच्या घराला संरक्षण दिलं. ते अगदी सोपं असतं. त्या ठिपक्यावर गोळा पडला तर अमुक इतके गुण जातील असा आकडा लिहायचा, आणि तो एवढा भयंकर मोठा लिहायचा की प्रोग्रॅम त्या गल्लीकडे तोंडच करणार नाही. घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी आत्यांनी मला सुकट केली.

ऑफिसात हे लपून थोडंच राहतं? साईं आले. "मॅडम, अपना दुकान भी देख लो यार. भावाचं आहे." दुकान आमच्याच तोफांच्या मागे होतं, तिथे शत्रूचा बापही पोचला नसता, पण मालकाला नाही कसं म्हणायचं? दुकानाला संरक्षण दिलं. मग मेजरसाहेब घुटमळायला लागले. रणगाड्यांबद्दल काहीबाही बोलले आणि जाता जाता म्हणाले, "वांगणीला ते चिकू... नाही म्हणजे, झाडांना फळ यायला वर्षं लागतात हो." चिकूंनाही दिलं. वशिल्याची ही ठिकाणं मिळून तीन झाली. कॉम्प्युटरच्या लढाईतसुद्धा वशिला लावणारी माणसं दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

या सगळ्यात शत्रूकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शत्रूची बाजूही आम्हीच लिहिली होती, आणि तिला थोडी अक्कल दिली होती. प्रत्येक खेळानंतर ती लक्षात ठेवायची, आपल्या गाड्या कुठे वाचल्या आणि कुठे मेल्या. जिथे वाचल्या तिथे पुढच्या खेळात जास्त जायचं. रात्रभर मशीन चालू ठेवून हे खेळ आपोआप होत राहायचे. वेग यावा म्हणून नकाशा बंद ठेवायचा. सकाळी नुसते गुण बघायचे.

मग परीक्षेची तारीख आली. अंबरनाथला एका गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक, बघायला एक ब्रिगेडियर साहेब आणि पुण्याच्या कंपनीचे मॅनेजर. पास झालो तर पुढचं सगळं काम आमचं. नापास झालो तर साईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "फिर टेम्पो ही टेम्पो. इतना स्टाफ नहीं चलेगा." स्टाफ म्हणजे मी आणि माझे दोन सहकारी. टेम्पोचा प्रोग्रॅम तयारच होता, त्याला आमची गरज नव्हती. मला घराजवळची ही नोकरी फार मुश्किलीने मिळाली होती. ती गेली असती तर पुन्हा पवईकडे जायचं, मुलं उठायच्या आत निघायचं आणि ती झोपल्यावर यायचं. ते दिवस मी काढले होते. परत काढायची माझी तयारी नव्हती, हे मी उघड सांगते.

प्रात्यक्षिकाच्या आधी मेजरसाहेबांनी सगळ्यांना समोर बसवलं. "उद्यापासून कुणाचा वशिला नाही. पहिले माझे चिकू काढा." चिकू काढले, दुकान काढलं, बेलवली काढली. घरी मी हे सांगितलं नाही. मग परीक्षेआधी आता काही बदलायला नको म्हणून शत्रूचं शिकणं थांबवून पुन्हा चार खेळ चालवून बघितले, तर गुण एकदम दुप्पट. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. गुण का वाढले हे नकाशा उघडून बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. परीक्षेत पेपर सोपा गेला की कोण विचारतं, का गेला म्हणून?

प्रात्यक्षिकाला भिंतीवर पडदा लावला आणि पहिल्यांदाच सगळा खेळ नकाशासकट मोठ्ठा दिसला. ब्रिगेडियर साहेब साताऱ्याकडचे, बोलणं हळू, हातात पेन्सिल. मी बटण दाबलं. वांगणीकडून शत्रूचे लाल ठिपके निघाले. निघाले आणि त्यातले निम्मे तिथेच मेजरसाहेबांच्या जागेत शिरले. आमच्या तोफांनी त्यांना तिथल्या तिथे उडवलं. "माझे चिकू," मेजरसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

उरलेले ठिपके चिखलोलीकडे जायला हवे होते. पुलाचा रस्ता तोच. पण ते वळले. एकामागून एक, रांगेत, शाळेतून सुटल्यासारखे बदलापूर पश्चिमेला गेले, विहारावरून पुढे, टाकीपाशी डावीकडे, आणि आमच्या घराभोवती दाटीवाटीने उभे राहिले. मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. रात्र रात्र खेळून शत्रू एकच गोष्ट शिकला होता: बेलवलीच्या त्या घरापाशी गोळा पडत नाही. आम्ही वशिला काढला होता, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा विश्वासाने आला होता.

आणि तोफांना तर काय, सगळा शत्रू एका जागी गोळा झालेला. बाराच्या बारा तोफा बेलवलीकडे वळल्या. पडद्यावर आमची गल्ली लाल झाली, मग काळी झाली. विहार, टाकी, घर, काही दिसेना. कोपऱ्यात गुण भराभर चढले, एवढे आम्हाला कधीच मिळाले नव्हते. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साईं तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी त्या काळ्या डागाकडे बघत होते, आणि त्या वेळी घरी आत्या दुपारची भांडी घासत असतील हेच डोक्यात येत होतं.

ब्रिगेडियर साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेन्सिलीने डाग दाखवून त्यांनी विचारलं, "हे सगळे इथेच का जमले?"

पुण्याचे मॅनेजर तयार होते. "सर, आमची प्रणाली शत्रूला बरोबर सापळ्यात ओढते." मेजरसाहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर बूट ठेवला. म्हणजे, गप्प राहा. साईं माझ्याकडे हात जोडल्यासारखं बघत होते. नुसती मान हलवली असती तर नोकरी वाचली होती, आणि ती मला हवी होती. पण डोळ्यांसमोरून तो डाग हलेना.

"सर," मी म्हटलं, "तिथे माझी सासू राहते."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण कुणाला काही कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. मेथी, लाल फुली, वशिला, दुकान, चिकू, सगळं. चिकूंच्या वेळी मेजरसाहेब छताकडे बघत होते. मॅनेजर पांढरेफटक पडले. ब्रिगेडियर साहेबांनी मधे एकदाही अडवलं नाही.

माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता त्या घरात माणसं किती होती?"

"खेळात का खरंच, सर?"

"खेळात."

मी प्रोग्रॅम मनातल्या मनात धुंडाळला. "खेळात माणसं नाहीत, सर. गाड्या आहेत, पूल आहेत. घरं फक्त आडोसा म्हणून आहेत."

"आणि खरंच?"

"सहा."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "शत्रूला आधीचं सगळं विसरायला लावा. घरांत माणसं भरा. महिनाभराने परत दाखवा."

मेजरसाहेबांना राहवलं नाही. "सर, घरांत माणसं भरली की तोफा अडतात."

"अडतातच, मेजर," ते तितक्याच हळू म्हणाले. "तुमच्या कधी अडल्या नाहीत?"

परतताना मेजर दळवींनी मला जीपने बदलापूरपर्यंत आणलं. मला उतरवताना म्हणाले, "एकदा अडायला हव्या होत्या."

घरी आले. आत्यांना माहीत होतं की आज परीक्षा आहे. "काय झालं गं?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी सांगून टाकलं. वशिला काढला होता, सगळे रणगाडे आपल्या दारात आले, आणि आपलं घर गेलं. गुण खूप मिळाले आणि टाळ्यासुद्धा पडल्या. मला रडू यायला लागलं. माझ्या डोळ्यांत सहसा पाणी येत नाही, म्हणून आत्या घाबरल्याच.

"आत्या, आता प्रत्येक घरात माणसं लिहायची आहेत. आपली सहा लिहिते."

आत्यांनी बोटांवर मोजलं. त्या, सासरे, नवरा, मी, दोन मुलं. "सात लिही."

"सातवं कोण?"

"दुपारी कुणी ना कुणी जेवायला येतंच की. तो काय वाऱ्यावर सोडायचा?"

मी सात लिहिले. महिनाभर आम्ही घरं भरत होतो; घरावर गोळा पडला तर आता माणशी गुण जाणार होते. साईं म्हणाले दुकानात गिऱ्हाईकपण धरा, धरलं. मेजरसाहेबांनी चिकूंच्या जागेत राखणदार आणि त्याची बायको लिहायला लावली, चिकूंचं नावही काढलं नाही. दुसऱ्या प्रात्यक्षिकात तोफा सारख्या अडत होत्या, थांबत होत्या, वाट बघत होत्या. गुण आधीच्या निम्मेसुद्धा नव्हते, आणि टाळ्याही पडल्या नाहीत. ब्रिगेडियर साहेबांनी सही केली आणि काम आम्हाला मिळालं.

पुढे कंपनीकडून दुसरे नकाशे यायला लागले. मी कधीही न पाहिलेली गावं, नावांऐवजी नुसते क्रमांक. प्रत्येक घरात किती माणसं हा आकडा त्यांनी भरून पाठवायचा ठरला होता. पुष्कळ घरांपुढे तो कोरा यायचा. मी विचारायचे, ते म्हणायचे, माहिती नाही, काहीतरी धरा. कोऱ्या जागी काहीच लिहिलं नाही तर मशीन शून्य धरतं, आणि शून्य धरलं की काय होतं ते मी अंबरनाथच्या पडद्यावर बघितलं होतं. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: आकडा कोरा असेल तर सात.

हे सात कुठून आले, असं कंपनीने एकदा विचारलं होतं. मी लिहून कळवलं, 'प्रत्यक्ष पाहणीवरून.' त्यांनी ते मान्य केलं.

आत्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. तो प्रोग्रॅम अजून कुठे चालतो का, मला माहीत नाही. चालत असेल, तर कुणी तरुण अधिकारी सरावाला बसून वैतागत असेल, की या एकट्या घराकडे तोफा वळतच का नाहीत. त्याला कोण सांगणार, बाबा, थांब जरा. आत जेवणं चाललीत.